मधली धार

तान्ह्या मुलांच्या लघवीची वाट पाहावी तर आमच्या अहमदपूरच्या लॅबवाल्या चाचांनीच. इतका संयमी माणूस अख्ख्या मराठवाड्यात झाला नाही आणि होणारही नाही. भूकंपात त्यांचा स्लॅबवरचा विश्वास उडाला तो कायमचाच, म्हणून लॅब पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात तिथे पापड भाजून निघाले असते. पण चाचा हातात निर्जंतुक डबी धरून बाळासमोर तासन्‌तास उकिडवे बसत. मोठ्या माणसांशी मात्र त्यांचं जमायचं नाही. एका व्यापाऱ्याने ‘लवकर आटपा’ म्हटलं, तर म्हणाले, “शेठ, नातवाला सांगा. मी तर कवाचा तयार हाय.”

माझी मुलगी सात महिन्यांची असताना तिला ताप आला. सर्दी नाही, खोकला नाही, नुसता ताप. दात येत असतील, यावर घरादाराचं एकमत झालं. पाचव्या दिवशी तिने दूध सोडलं आणि माझं धाबं दणाणलं. डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतू असतील तर किडनीला इजा व्हायची. आधी लघवी तपासायला द्या, लगेच औषध सुरू करतो. मी लातूरच्या एका क्लासमध्ये भावी डॉक्टरांना जीवशास्त्र शिकवत असे. एसटी गाठायची होती. मी अक्कल चालवली: ओला लंगोट लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत पिळला आणि बरणी चाचांपुढे ठेवली.

चाचांनी ती उजेडात धरली. “सर, ह्याच्यात लंगोटाचे जंतू हायत, तुमच्या हाताचे हायत, वरून मोहरी हाय. बच्चीचं काय हाय? क्लासात हेच शिकवून राहिले का?”

मुलीला कडेवर घेऊन उभी असलेली बायको पाच दिवसांत पहिल्यांदा हसली, तीही माझ्यावर.

मग चाचांनी तिला हात धुवायला लावले, मुलीला स्वच्छ पुसून मांडीवर धरायला सांगितलं आणि गार पाण्याचा बोळा तिच्या ओटीपोटावर हलकेच फिरवत बसले. मी घड्याळ पाहिलं की डोळे वटारायचे. “घाई करू नका, बच्ची लाजते.” एसटी गेली. दुसरीही गेली. अखेर पहिली धार चाचांच्या सदऱ्यावर आली आणि मधली, तपासणीला लागते ती, नेमकी डबीत. “माशाल्ला!” असे ओरडले की मुलगी दचकून रडायला लागली. दोन दिवसांनी कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, नेमका जंतू सापडला, डॉक्टरांनी त्यावरून औषध बदललं आणि ताप उतरला. बरणीच्या भरवशावर राहिलो असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही मला सोसत नाही.

पुढे चाचा कुठेही भेटले, बाजारात, स्टँडवर, तरी मुलीला खणखणीत आवाजात विचारायचे, “बेटा, लघवी साफ होते ना?” अकरावीत असताना मैत्रिणींच्या घोळक्यात तिला हे ऐकावं लागलं. त्यानंतर ते दिसले की ती रस्ताच बदलायची.

परवा चाचा गेले. मी तिला हॉस्टेलवर फोन केला. ती म्हणाली, “बाबा, मी एकदा तरी ‘हो चाचा’ म्हणायला हवं होतं.”