नुसत्या अंगाची भीती

रविवारी दुपारी शिवमंदिराजवळच्या माझ्या घरी आम्ही चौघं गोष्टीचा खेळ खेळायला बसतो. प्रत्येकाचं एक पात्र, त्याची ताकद, अक्कल, वाणी कागदावर आकड्यांत मांडलेली. बाकी गोष्ट तोंडाने सांगायची, अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा, मोठा आकडा पडला तर जमलं. गोष्ट पुढे नेणारा मी, म्हणून निवाडाही माझाच. आणि त्या बाबतीत मी पक्का हेकट आहे.

आमच्यातली एक मुलगी उल्हासनगरात जीन्सच्या कारखान्यात शिलाई करते. स्वतः काडीपैलवान, पण खेळते धिप्पाड लोहारीण. त्या दिवशी तिच्या लोहारणीने तुरुंगाच्या पहारेकऱ्यासमोर लोखंडी सळी वाकवली आणि चावी मागितली. मी म्हटलं, "घाबरवायचं तर वाणीवर फासा टाक." लोहारणीची वाणी यथातथाच. फाशावर तीन पडले. पहारेकरी हसला, असं मी जाहीर केलं.

ती भडकली. "काय दादा! एवढी सळी वाकवली, अजून काय भाषण देऊ?"

"नुसत्या अंगाला कोणी भीत नाही. बोलावं लागतं."

तिने मला खालून वर न्याहाळलं. सहा फूट उंची, वजन शंभराच्या पुढे. "तुला बघून कधी कोण घाबरलं नाय? खरं सांग."

कॉलेजात असताना काका मला बदलापूरकडच्या शेतावर मोजणीला घेऊन गेला होता. बांधावरून शेजारच्या म्हाताऱ्याशी जुना वाद होता. वाटेत काका म्हणाला, "तू काय बोलू नुको. निस्ता उबा ऱ्हा." मी हाताची घडी घालून उभा राहिलो. म्हातारा मोजणीदाराला हात करून बांध दाखवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि काकाने दाखवलेली हद्दीची खूण मुकाट मान्य केली. मी काहीच केलं नाही, असं इतकी वर्षं म्हणत आलो. ते खोटं आहे. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आणि त्याची आज लाज वाटते.

"घाबरलंय," मी म्हणालो आणि तिघांना सगळं सांगितलं. मग निवाडा फिरवला. "टाक ताकदीवर."

अठरा पडले.

"चावी तुझी. आता तूच सांग, तो पहारेकरी घरी जाऊन बायकोला काय सांगेल?"

"काय नाय सांगणार," ती म्हणाली. "नीट जेवणार नाय, बस."

गेल्या वर्षी तो म्हातारा वारला. मातीला चल म्हणून काकाचा फोन आला होता. मी कामाचं निमित्त सांगून टाळलं. आता माफी मागायची म्हटली तरी ज्याची मागायची तो उरलेला नाही.