मामंजींचा डावा हात

आमच्या थोरल्या मामंजींइतका स्वतःच्या हातांवर फिदा असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात झाला नसेल. थोरले मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे भाऊ. पेडगावच्या घरात तेच कर्ते. त्यांनी धोतर पिळलं की पाण्याआधी सूत बाहेर यायचं. लोणच्याच्या बरणीचं फडकं त्यांनी बांधलं आणि ते गंगाखेडच्या बाजाराला गेले, की आम्ही बाया कोरडी भाकरी खात त्यांची वाट बघायचो. दोरी कापली तर परत आल्यावर आमच्याच मनगटांची कीव करायचे.

निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती, तेव्हा त्यांच्या पायाचा अंगठा सुजला. त्यांनी दोष नव्या सरकारवर ठेवला. राज्य बदललं की हवाही बदलते, म्हणे. मग सूज बोटांत, मनगटांत आली. ती उतरायची, पण पकड काही माघारी यायची नाही. शेवटी परभणीच्या दवाखान्यात नेलं, मीही सोबत होते. डॉक्टर म्हणाले, रक्तात यूरिक ॲसिड वाढलंय, त्याचे खडे सांध्यात साचतात. दुखतं म्हणून हात वापरत नाहीत, आणि न वापरल्यानं दंडा-मनगटातली ताकद जातेय. मटण आणि दारू बंद करा.

मामंजी उभेच राहिले. "डाक्टरसाहेब, आमी लिंगायत. आमच्या घरात अंडंबी येत न्हाई."

डॉक्टर बिचारे ओशाळून डाळ कमी करा, पाणी प्या, गोळ्या घ्या, असं सांगत राहिले. पण बाकावर आमच्याच गावचा एक दुकानदार बसला होता. त्यानं मटणाएवढंच ऐकलं, आणि आम्ही पोचायच्या आत ते गावात पोचलं. जो तो मामंजींना आज रस्सा कसा झाला म्हणून विचारायला लागला. झालं. गोळ्या कोनाड्यात पडल्या, आणि आपण शुद्ध आहोत हे दाखवायला मामंजींनी उपास धरले. सोमवार होताच, गुरुवार आला, मग दर महिन्याची शिवरात्र. उपासानं हे दुखणं उलट वाढतं, हे पुढं त्याच डॉक्टरांनी सांगितलं. तोवर त्यांचा दंड माझ्या बांगडीत मावला असता.

दुखण्याचं त्यांना काही नव्हतं, भीती एकच होती. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन, डोळ्यांसमोर धरून पूजा करतात. ते हातून पडलं तर जगायचं कशाला, असं मानणारे ते. पूजेत कुणी जवळ आलेलंही चालायचं नाही. एका सकाळी मी बेल ठेवायला वाकले, आणि हात लटपटून लिंग घरंगळलं ते माझ्या पदरात. 

"सूनबाई, गावात कळलं तर..."

"काय कळायचंय? मी बेल द्यायला आले होते."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. "बस इथं. खालून धर."

तेव्हापासून रोज पूजा संपेपर्यंत मी त्यांचं मनगट धरून बसायची. त्या हाताला वजन म्हणून उरलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. आमच्या रिवाजाप्रमाणं समाधीत बसवताना आमच्या मठाच्या स्वामींनी लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं, तसा माझा हात आपसूक पुढं गेला.

"राहू दे बाई," स्वामी म्हणाले, "आता पडत न्हाई."

मी हात मागं घेतला. तो कुठं ठेवावा, हे मात्र मला बराच वेळ सुचेना.