गंगाक्काची शलाका

लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत गंगाक्काचं मॅचिंग सेंटर आहे. साडी घेऊन या. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस सगळं रंगाला रंग लावून मिळतं. अक्काचं पूर्ण नाव शिवगंगा शिवमूर्ती कोरे. माहेर उदगीरचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी डोकावतं, आणि गल्लीतल्या बायकांनी तिला अक्का करून टाकलं ते कायमचं. दुकानात धाग्यांच्या रिळांवर एक छोटा टीव्ही टांगलेला आहे. तो चालू दिसला की रोजची गिऱ्हाइकं समजून जातात, आज नटी शलाका वाघोलीकर कशात तरी दिसणार आहे, आणि आज घाई करून काही उपयोग नाही.

अक्काचा आवाज जाड आहे. लहानपणी गोवर आला, घसा बसला, तो बसलाच. सुरतचा व्यापारी फोनवर तिला अजून "हां भैया, बोलो" म्हणतो. लग्न होऊन लातूरला आल्यावर सासू तिला हौसेनं लिंगायत बायकांच्या वचनगायनाला घेऊन गेली. तिथं पहिल्याच ओळीला शेजारची बाई हळूच म्हणाली, "तू आपली टाळ वाजव माय, म्हणायचं आम्ही बघतो." अक्कानं त्या दिवशी टाळ वाजवले. पुन्हा काही ती तिकडे गेली नाही.

त्याच वर्षी नवऱ्यासोबत एक सिनेमा पाहिला. शलाका त्यात नायिकेची मोठी जाऊ होती. चारच प्रसंग. पण तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं आणि अक्का खुर्चीत ताठ बसली. तो आवाज घोगरा होता, खरखरीत होता, सर्दी होऊन गेल्यावर उरतो तसा. आणि थेटरात कुणी हसलं नाही. उलट ती नवऱ्याला जाब विचारायला लागली तेव्हा मागच्या रांगेतली शेंगा फोडणारी माणसंसुद्धा गप्प झाली.

घरी येताना अक्कानं विचारलं, "त्या बाईचा आवाज माझ्यावानी होता का हो?"

शिवमूर्तींचं लक्ष मोटरसायकलच्या हवा गेलेल्या चाकात होतं. "होता की," ते म्हणाले.

तेवढं बोलणं पुरलं.

त्यानंतर अक्कानं शलाकाचं काम म्हणून काही सोडलं नाही, आणि तिच्या पायी जेवढा मनस्ताप करून घेतला तेवढा सासरच्या माणसांनीही तिला दिला नसेल. शलाका कायम कुणाची तरी बहीण, कुणाची तरी मैत्रीण, कुणाची तरी वहिनी. पोस्टरवर कोपऱ्यात, कधी तेही नाही. एकदा एका मालिकेत चांगली ठसठशीत भूमिका मिळाली, तर तिचा प्रसंग आला की नेमकी लातूरची लाईट जायची. अक्का शेजारच्या गल्लीत इन्व्हर्टर असलेल्या सोनाराकडे पळायची, तोवर जाहिराती लागलेल्या असायच्या. मग त्या मालिकावाल्यांनी शलाकाला अपघातात मारून टाकलं. दुसऱ्या मालिकेत मारलं नाही, बदललं. सोमवारी अक्का टीव्हीसमोर बसली तर शलाकाची साडी नेसून, शलाकाचं मंगळसूत्र घालून भलतीच बाई चहा ओतत होती आणि घरातलं एक माणूस दचकलं नाही.

"अहो, सख्खी वहिनी बदलली अन् दिराला कळंना व्हय?" अक्का कडाडली. दुकानात फॉल बघणारी बाई घाबरून उभीच राहिली.

शिवमूर्ती म्हणायचे, "तू खामखा बेजार होऊन राहिलीस. त्या बाईला तुझं नावबी ठाव न्हाई."

"मला तिचं ठाव हाय न्हवं. मंग झालं."

पुढे मोबाईल आला आणि 'शलाका परिवार' नावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सापडला. परिवार कसला, मोजकीच टाळकी. त्यातली निम्मी नुसती शुभ सकाळची फुलं पाठवायची. पण तिथंच अक्काला धम्मप्रिया भेटली. ती नांदेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वयानं अक्कापेक्षा बरीच लहान. शलाका आणखी एका मालिकेतून गेली त्या दिवशी दोघींनी फोनवर मनसोक्त शिव्या घातल्या, आणि मैत्री जमली ती जमलीच. एकीकडून "शरणार्थ", दुसरीकडून "जय भीम, अक्का", आणि मग तासभर शलाका.

मधली काही वर्षं कोरडी गेली. शलाका एका मसाल्याच्या जाहिरातीत दिसली, मग तीही बंद झाली. आणि एक दिवस धम्मप्रियाचा फोन आला, तो ओरडतच. "अक्का, मेन रोल! आपल्या शलाकाला मेन रोल!"

सिनेमाचं नाव 'उंबरझरा'. शलाका त्यात हिमायतनगरकडच्या एका खेड्यातली सुईण होणार होती. सगळा सिनेमा तिच्या भोवती. पोस्टरवर फक्त तिचा चेहरा, केस पिकलेले, कपाळावर गोंदण. अक्कानं ते पोस्टर मोबाईलवर मोठं करून करून बघितलं. ट्रेलरमध्ये बोलणं नव्हतंच, नुसता डोंगर, पाऊलवाट आणि बासरी. "बोलणं राखून ठिवलंय," अक्का दुकानात येईल त्याला सांगायची. "आता ऐकाल तिचा आवाज. आख्खा पिक्चर तीच बोलणार हाय, अन् आपल्या भाषेत."

सिनेमा लागला, पण लातूरला लागलाच नाही. नांदेडला लागला, तोही एका पडद्यावर, सकाळचा एकच खेळ. रविवारी अक्का पहिल्या गाडीनं अहमदपूर, लोहा करत नांदेडला निघाली. नवी इरकल नेसली होती. शिवमूर्तींनी दुकान सांभाळायचं कबूल केलं, पण म्हणाले, "पिक्चर पाह्याला दुसऱ्या जिल्ह्यात जाणारी तूच पहिली असशील."

थेटरच्या दारात धम्मप्रिया स्कूटी लावून उभीच होती. दोघी हसत आत गेल्या, आणि काउंटरवरच्या माणसानं मान हलवली.

"मॅडम, तो शो कॅन्सल हाय. त्याच्या जागी हिंदी लावून राहिलो."

"कॅन्सल कामून? आम्ही मोबाईलवर तिकीट काढलंय," धम्मप्रिया म्हणाली.

"तुमच्या दोघींचंच हाय. दोघीसाठी एसी चालू करावं का मग?"

अक्काचं डोकं फिरलं. इतकी वर्षं मालिकावाल्यांवरचा, लाईटवाल्यांवरचा, पोस्टर छापणाऱ्यांवरचा राग त्या एका माणसावर येऊन पडला. तिचा आवाज अख्ख्या लॉबीत घुमला. पॉपकॉर्नची रांग वळून बघायला लागली. शेवटी मॅनेजर बाहेर आले. बोलायला माणूस सभ्य होता. म्हणाले, "काकू, रागावू नका. दहा-बारा माणसं आणा, मी अर्धा तास थांबतो. खुर्च्याच रिकाम्या असतील तर मी तरी काय करू?"

धम्मप्रियानं अक्काला स्कूटीवर बसवलं आणि थेट आपली कॉलनी गाठली. रविवार, बायकांच्या हातात कपडे, भाज्या, पोरांच्या वेण्या. धम्मप्रिया दारोदार सांगत सुटली. तिची सासू भीमाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मारामारी हाय का त्याच्यात?"

"न्हाई, आत्या. सुईणीची गोष्ट हाय."

"मंग मला काय दाखवून राहिलीस? पाच बाळंतपणं मी स्वताच भोगली," असं म्हणत त्या उठल्या आणि पदर सारखा करून रिक्षात सगळ्यांत आधी बसल्या. त्यांच्या मागून शेजारच्या बायका, एक नर्स, तिचा नवरा, तिची पोरं. दोन रिक्षा आणि एक स्कूटी थेटरला पोचली तेव्हा मॅनेजर दारातच उभे होते. त्यांनी नुसते हात जोडले.

दिवे मालवले. अक्का मधल्या रांगेत, धम्मप्रियाचा हात धरून. पडद्यावर पहाट, धुकं, खोपटाचं दार. दार उघडून शलाका बाहेर आली. चेहरा इतका मोठा, इतका जवळ, की अक्का खुर्चीत पुढे सरकली. शलाकानं उंबऱ्यात उभं राहून हाक मारली, "आगं ए, उठली का न्हाईस?"

आवाज गोड होता. मोकळा, स्वच्छ, कोवळ्या उन्हासारखा.

अक्कानं हात सोडला. "ही न्हाई."

"काय?" धम्मप्रिया कुजबुजली.

"आवाज तिचा न्हाई. दुसऱ्याच बाईचा हाय."

"अक्का, खेड्यातला आवाज काढला असंल तिनं."

"खुळी हायस का? पंचवीस वर्षं ऐकालाले मी."

पुढचे दोन तास अक्कानं कसे काढले ते तिलाच माहीत. शलाका डोळ्यांनी जे करत होती ते पाहून काळीज हलत होतं, आणि तोंड उघडलं की तो परका गळा. अडलेल्या बाईच्या उशाशी बसून ती रात्र जागवते तो प्रसंग आला. सगळ्या बायका रडत होत्या. भीमाबाई नाक ओढत मोठ्यानं म्हणाल्या, "खरं हाय गं माय, असंच असतंय." अक्काचे डोळे कोरडे ठणठणीत. तिला डोळे मिटून घ्यावेत की कान झाकावेत हेच सुचत नव्हतं. शेवटी नावांची पट्टी सरकायला लागली तशी ती उभी राहून वाचत राहिली. मागच्यांनी "बसा की" म्हटलं तरी बसली नाही. खाली, फार खाली, बारीक अक्षरांत एका मुलीचं नाव होतं. पुढे लिहिलं होतं, आवाज.

बाहेर सगळ्या बायका अक्काला दुवा देत होत्या. इतका चांगला पिक्चर तुमच्यामुळं पाहिला म्हणत होत्या. भाषा तर अशी की हिमायतनगरला माहेरी जाऊन आल्यासारखं वाटलं, असं नर्सबाई म्हणाल्या. अक्का मान हलवत राहिली. जेवायलाही थांबली नाही.

बसस्टँडवर धम्मप्रिया म्हणाली, "अक्का, पिक्चर तर भारी होता ना? अन् बोलीबी खरी होती. शलाकाला ती जमली नसती. पुण्याची हाय ती."

"न जमंना का. अर्धी-मुर्धी बोलली असती. पर तिचं तोंड अन् दुसरीचा गळा? आयुष्यात एकदा मेन रोल मिळाला, अन् तेव्हाच तिला गप्प बसवलं." अक्काचा आवाज फाटला. बाकावरची एक म्हातारी वळून बघायला लागली. "आमच्यासारख्या गळ्याच्या बायांनी टाळच वाजवायचे का गं?"

धम्मप्रियाला टाळांचं काही माहीत नव्हतं. तिनं फक्त अक्काच्या पाठीवर हात ठेवला.

पंधरवड्यानं शलाका फेसबुकवर लाईव्ह येणार असल्याचं ग्रुपवर आलं. भरदुपारी अक्कानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं. अस्तराच्या गठ्ठ्यावर बसून तिनं एका बोटानं आधीच जुळवून ठेवलेला प्रश्न पाठवला. नमस्कार, मी लातूरहून. तुमचा आवाज का काढला? तुम्हाला राग नाही आला का?

शलाका कुठल्यातरी खिडकीपाशी बसली होती, चष्मा लावून, नेहमीपेक्षा थकलेली. बोलत मात्र होती आपल्याच घोगऱ्या आवाजात. पाककृती विचारणाऱ्यांना, वाढदिवसाच्या शुभेच्छा मागणाऱ्यांना उत्तरं देता देता ती एकदम थांबली.

"लातूरहून शिवगंगाताई विचारतायत," ती म्हणाली. अक्कानं मोबाईलचा आवाज वाढवला. "ताई, बरोबर ओळखलंत तुम्ही. बाकी कुणी विचारलंही नाही. चित्रीकरणात मीच बोलले होते. नंतर दिग्दर्शकांना वाटलं, गावाकडच्या बाईला हा आवाज शोभत नाही." ती जरा हसली. "पण त्या मुलीनं इतकं सुंदर काम केलंय! मी तर तिचे आभारच मानले. शेवटी सिनेमा चांगला होणं महत्त्वाचं, नाही का?"

आणि ती पुढच्या प्रश्नाकडे वळली.

अक्कानं लाईव्ह बंद केलं. मग तिनं धम्मप्रियाला फोन लावला. "ऐकलीस का? आभार मानले म्हणती! गावाकडच्या बाईला शोभत न्हाई म्हणं! मी काय लंडनची हाय का? तिनं भांडावं का न्हाई?"

"अक्का," धम्मप्रिया हळूच म्हणाली, "तिला फुडं काम पायजे. ती कशी बोलंल लोकांसमोर? तुझं नाव तर घेतलं ना तिनं?"

"नाव घेऊन काय करू? घोळून पिऊ?" अक्कानं फोन ठेवला.

त्यानंतर तिनं ग्रुप सोडला. रिळांवरचा टीव्ही बंद राहिला. महिनाभर गिऱ्हाइकांना अस्तर झटपट मिळायला लागलं, आणि शिवमूर्तींनाच ते बघवेना. जेवताना ते एकदा म्हणाले, "तुझी ती बाई दुपारच्या एका नव्या मालिकेत आलीय. सावत्र सासू का काय झालीय. मी आपलं सहज पाह्यलं."

"मला काय करायचंय," अक्का म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुलावर चढून तिनं टीव्हीवरची धूळ पुसली.

एक बाई जांभळी पैठणी घेऊन आली होती. तिला त्याच जांभळ्यातलं अस्तर हवं होतं.

"जाहिरात लागू द्या," अक्का म्हणाली. "तवर बसा."

पडद्यावर मोठा दिवाणखाना होता. शलाका सुनेला काहीतरी समजावत होती, स्वतःच्या आवाजात, सावकाश. आणि कॅमेरा तेवढा वेळ त्या तरण्या सुनेच्या डोळ्यांतलं पाणी दाखवत होता. शलाकाचा नुसता खांदा दिसत होता.

"अरे, बोलालीय ती!" अक्का स्टुलावरून उठली. "तिच्यावर धर की कॅमेरा, मेल्या!"