आमचं पाणी खारंच आहे

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बाबांचा उजवा डोळा लख्ख झाला आणि तेव्हापासून आमच्या घरात कटकट सुरू झाली. दिसायला लागलं की माणूस खूश होईल असं मला वाटलं होतं. बाबा माजरीजवळच्या आमच्या भाड्याच्या घरात खुर्ची टाकून बसत आणि समोर बघून म्हणत, "डोळा नवा करून देल्ला तुनं. आता इथी पाह्यचं काय? सिमिटाची भिंत?"

त्यांना अहेरीकडच्या आमच्या गावी परत जायचं होतं. आई गेल्यापासून तिथे ते एकटेच राहत. या वेळी त्यांना जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. चिखलात पाय रोवून धान पिकवणाऱ्या या माणसानं मला बी.ए., बी.एड. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. शाळेत नोकरी लागली, पक्कं घर मिळालं आणि त्याच माणसाला मी त्या घरात महिनाभर ठेवू शकत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

गावी त्यांचा वेळ बोडीवर जायचा. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला असलेलं आमचं लहानसं तळं. कामं आटोपली की ते काठच्या पाळीवर बसून मासे बघत. पकडत क्वचितच. म्हणून मी काचेची टाकी आणली आणि तिच्यात चार गोल्डफिश सोडले. आठवड्यात चारही मेले. पुन्हा आणले, पुन्हा मेले. शेजारच्या बाईंनी निकाल देऊन टाकला, "सर, इथलं बोअरचं पाणी खारं हाये. त्यात डाळ शिजत नाई, मासा काय जगन?"

ते पटण्यासारखं होतं. आमच्या नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही. प्यायचं ते गोडं पाणी आम्ही कॅनमध्ये आणतो आणि बाकी सगळं खाऱ्या पाण्यात चालतं. गोडं आणि खारं, पाणी दोनच प्रकारचं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी चंद्रपूरला माशांच्या दुकानात गेलो. एका भिंतीला लाल, पिवळे, निळे मासे होते. वर पाटी होती, 'गोड्या पाण्यातले'. कोपऱ्यात एकच मोठी टाकी होती, तिच्यावर 'खाऱ्या पाण्यातले'. आत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे होते. ती पाटी वाचली आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी चुकीच्या पाण्याचे मासे नेत होतो!

"हे सांभाळायले कठीण आहेत सर," दुकानदार म्हणाला. "खाऱ्या पाण्याची सोय आहे घरी?"

"आमचं पाणी खारंच आहे."

"म्हणजे तयार आहे?"

"बारा महिने," मी म्हणालो. अभिमानानंच म्हणालो.

त्याच्यापुढे गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यानं दोन मासे पिशवीत बांधून दिले. ती पिशवी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो, गचका बसला की दोन्ही हातांनी उचलून धरत.

बाबांनी खुर्ची टाकीजवळ ओढली. महिनाभरात प्रथमच त्यांनी भिंतीकडे पाठ केली. "कुठचे हे?"

"समुद्रातले, बाबा. खाऱ्या पाण्यातले. आपल्या पाण्यात जगतीन हे."

त्यांनी टाकीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "समुद्राचं पाणी असंच असते?"

"हो."

"मंग लोकं मीठ कशाचं बनवते तिथी?"

मी हसण्यावारी नेलं. म्हातारा माणूस, समुद्र काही पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नव्हता, हे मात्र त्या वेळी मनात आलं नाही.

थोड्या वेळानं जवळच्या कोळशाच्या खाणीतला स्फोट झाला. रोजच होतो. खिडकी थरथरली, टाकीतलं पाणी थरथरलं. मासे हलले नाहीत. ते तळाशी कुशीवर पडले होते. "मामाजी, स्फोटाच्या आवाजानं झालं असन," बायको मला सांभाळून घेत सासऱ्यांना म्हणाली.

मी दुकानदाराला फोन केला, शाळेतला मास्तर म्हणून ओळख दिली आणि टाकीत बोअरचं पाणी असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "बोअरचं? सर, ते नुसतं जड, चुन्याचं पाणी. समुद्राचं खारं म्हणजे मिठाचं. तुम्ही शाळेत शिकवता तरी काय?"

सहावीला भूगोल. समुद्राचं पाणी, मिठागरं, सगळं. दरवर्षी.

त्यानं आणखी सांगितलं की जड पाण्यात मॉली नावाच्या मासोळ्या चांगल्या राहतात. गोल्डफिशही पाण्याच्या खारेपणानं मेले नसावेत, दर खेपेला सगळं पाणी ओतून टाकी घासल्यानं मेले असावेत. ते खरं होतं. मी एक दिवसाआड माठ घासावा तशी टाकी घासत होतो, बाबांना स्वच्छ दिसावं म्हणून. मला इतका राग आला की फोन आपटावासा वाटला. पण चिडायचं कोणावर?

"बाबा, उद्या मॉली आणतो. काळ्या असतात. त्या जगतात."

"मले इथी बसवासाठी किती जीव आणशीन, बापू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी थैली भरली. मी अडवलं नाही. बस स्टँडवर त्यांनी विचारलं, "मिठाचं तुले शाळेत नाई शिकवलं?"

"शिकवलं. आता मीच शिकवतो."

ते मोठ्यानं हसले. पूर्ण महिनाभर मी ज्या हसण्यासाठी धडपडलो ते बस सुटता सुटता मिळालं.

टाकी अजून तिथेच आहे, रिकामी. काचेवर पाण्याच्या उंचीची पांढरी रेघ राहिली आहे. लिंबू चोळलं, चिंच चोळली, जात नाही. परवा बाबांचा फोन आला. "बोडीतलं पाणी कमी झालं. मासे वरूनच दिसून राह्यले, नव्या डोळ्यानं तं खवले बी दिसते. ये पाहाले."

वार्षिक परीक्षा तोंडावर होती. पेपर काढायचे होते. "परीक्षा झाली की येतो, बाबा," मी म्हणालो.

"तोवर बोडी आटून जाईन," ते म्हणाले आणि फोन ठेवला.