घरचं एक वाक्य

अपडाऊन करणाऱ्या मास्तरांच्या गाडीत दोन गोष्टी आपोआप साचतात. संत्र्याच्या साली आणि किस्से. साली निदान शनिवारी कोणीतरी झटकून टाकतं. किस्से कोणी टाकत नाही, म्हणून ते वाढत जातात.

आमची गाडी रोज सकाळी अमरावतीहून निघते आणि नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत पोहोचते. गाडी मुख्याध्यापक मोहोड सरांची, चालवतातही तेच. शेजारी मराठीचे तायडे सर, मांडीवर निबंधांचा गठ्ठा. मागे इतिहासाच्या राऊत मॅडम आणि मी. मी मूळची अकोल्याची, विज्ञान शिकवते. निबंध हा प्रकार मला शाळेतही आवडला नव्हता आणि तायडे सरांनी गाडीत वाचून दाखवायला सुरुवात केली नसती तर पुढेही आवडला नसता. बडनेरा मागे पडलं की ते वाचायला लागतात आणि स्टिअरिंग धरलेल्या मुख्याध्यापकांना पळून जायची सोय नसते.

*

सुरुवात झाली ती ‘ऐतिहासिक स्थळाला भेट’ या निबंधापासून. दहावीची सहल नुकतीच चिखलदऱ्याला जाऊन आली होती, गाविलगड बघून. तायडे सरांनी विषय दिला आणि सगळ्या वर्गाने लिहिलं की बुरुजावरून अथांग समुद्र दिसत होता आणि खारा वारा अंगाला झोंबत होता.

मेळघाटातून समुद्र! सरांनी पहिल्या बाकावरच्या मुलाला उभं केलं.

“खरं सांग, तू सहलीत काय पाह्यलं?”

“सर, राऊत मॅडमले घाटात उलट्या होऊन राहिल्या होत्या. मंग आमी सारे गाडीच्या खाली उतरलो, तं तिथं हरीण दिसलं.”

“मंग हे कावून नाही लिहिलं?”

“गाईडमधी नव्हतं सर.”

त्या दिवशी तायडे सरांनी नियम काढला. निबंध कोणताही असो, त्यात एक वाक्य घरचं पाहिजे. घरी जायचं, मोठ्या माणसाला विषय सांगायचा, आणि तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहायचं. सुधारायचं नाही. परीक्षेत येतील असे विषय आधीच विचारून ठेवायचे.

मोहोड सरांना हे अजिबात पटलं नाही. शाळेचा निकाल त्यांच्या मानेवर बसलेला असतो. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “तायडे, बोर्डाचा पेपर तपासणारा तुमच्या पोट्ट्यांच्या घरी जेवाले नाही येत. प्रिलिमपर्यंत करा तुमचं. मार्क कमी पडले तं दुसऱ्या दिवसापासून गाईड पाठ.”

तायडे सर “हाव” म्हणाले. पण आम्हाला माहीत होतं, हा नियम गेला तर या माणसाचं शिकवणंच जाणार. वीस मिनिटांचा गाडीतला उजेडही जाणार होता, पण ते मी तेव्हा कोणाला बोलले नाही.

*

‘मी डॉक्टर झालो तर’ हा विषय आला तेव्हा मला वाटलं, आता तरी काही शास्त्रीय ऐकायला मिळेल. मुलांनी गोरगरिबांची मोफत सेवा केली, खेड्यात दवाखाना काढला, सगळं यथासांग झालं. मग घरची वाक्यं आली. एका आजोबांनी सांगितलं होतं, “सुई टोचाच्या आधी दुखत नाही म्हणू नको, खोटं बोलू नको.” आणि एका मुलीच्या आईचं वाक्य होतं, “डॉक्टर झाली तं पेशंटले पहिले बस म्हणजो.”

बाकी काही नाही. बस म्हणजो. ती बाई मजुरीला जाते, हे तायडे सरांनी सांगितलं. मला उगाच सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या बाया दिसायला लागल्या.

त्याच आठवड्यात राऊत मॅडम गुडघा दाखवायला अमरावतीच्या एका मोठ्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टरांनी मोबाईलमधून मान वर न काढता विचारलं, “काय होतंय?”

मॅडम म्हणाल्या, “पहिले बस म्हणा.”

*

आता इतिहास. ‘एक ऐतिहासिक घटना’. आमच्या दहावीतल्या प्रज्ञा खंडारेची पणजी अजून आहे, काठी टेकत अंगणात फिरते. छप्पन्न साली तिचा बाप तिला घेऊन नागपूरला दीक्षेला गेला होता. तेव्हा ती एवढीशी होती. राऊत मॅडम हे ऐकून सरसावूनच बसल्या. प्रत्यक्ष बघितलेलं माणूस! तायडे सरांनी पणजीचं वाक्य वाचलं.

“मी बापाच्या खांद्यावर होती. सारे लोक उठून उभे राह्यले तवा मी झोपून होती. जागी झाली तवा आमी बौद्ध झालो होतो.”

 राऊत मॅडम म्हणाल्या, “मी अठरा वर्षं हा धडा शिकवून राहिली. असा कधीच नाही शिकवला.”

तायडे सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्याही घरातले लोक त्या मैदानावर होते. ते म्हणाले, “माहा आजा म्हणे, मले गर्दीत काहीच दिसलं नाही. फक्त समोरच्याची पाठ दिसली. पण ते पाठ ताठ होती.”

 मोहोड सर आमच्या शाळेचा फाटा मागे टाकून गाडी पुढे घेऊन गेले. दोन गावं गेल्यावर मला म्हणावं लागलं, “सर, शाळा मागं राहिली.”

*

कथालेखनाचा किस्सा मात्र माझ्या जिव्हारी लागला. चाचणी परीक्षेत प्रश्न होता, अपूर्ण गोष्ट पूर्ण करा. वाटसरू, जंगल, दिव्याचा उजेड, नेहमीचा मसाला. एका मुलीने उत्तराची जागा कोरी सोडली आणि खाली लिहिलं, “आजी म्हणते, दिवसा गोष्ट सांगितली तं मामा वाट चुकते. माहा मामा आज मोर्शीवरून येऊन राहिला.”

तायडे सरांनी त्यावर शेरा दिला, “संध्याकाळी लिहून आण.”

मोहोड सर म्हणाले, “बोर्डाचा पेपर अकरा वाजता असते तायडे.”

“हाव सर.”

“मंग त्या दिवशी तिच्या मामाले घराबाहेर पडू देऊ नका.”

सगळे हसले, मीही हसले. मी विज्ञानाची बाई. वर्गात जाऊन अंधश्रद्धेवर चांगला अर्धा तास बोलले, उदाहरणासाठी वाटसरूची गोष्टही रंगवून पूर्ण केली. बाहेर आले आणि आठवलं की आज माझा भाऊ माझ्या मुलीला न्यायला अकोल्याहून निघालाय.

मी फोन केला. “कुठपर्यंत आला?”

“मूर्तिजापूर. कावून?”

“काही नाही. सरळ ये.”

*

प्रिलिम झाली. आमच्याकडे पद्धत अशी की प्रिलिमचे पेपर शेजारच्या शाळेशी अदलाबदल करून तपासायचे, म्हणजे आपल्या मुलांना आपल्या माणसाचा हात सैल पडत नाही. गठ्ठा परत आला तेव्हा तायडे सरांनी गाडीत तो उघडलाच नाही. मोहोड सरांनी विचारलं, “किती?” सर म्हणाले, “निबंधात सारे आपटले.”

“मंग?”

“मंग उद्यापासून गाईड.”

तायडे सर हे अगदी साध्या आवाजात म्हणाले. भांडले असते तर बरं वाटलं असतं. राऊत मॅडमनी मागून हात घालून गठ्ठा ओढला आणि माझ्या मांडीवर टाकला. “तुम्ही वाचा मॅडम. विषय तुमचाच आहे. विज्ञान, शाप की वरदान.”

वरचाच पेपर वैष्णवीचा होता. तिचे वडील पुण्याजवळ कंपनीत आहेत, दिवाळीला येतात. मी वाचायला लागले.

“बाबांचा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल येतो. कॉल यायच्या आधी आई तोंड धुते, चांगली साडी नेसते आणि बल्बच्या खाली बसते. कॉलवर ती हसते. कॉल संपला की साडी घडी करून ठेवते आणि जुनी नेसून भाकरी टाकते. मी आईला विचारलं, विज्ञान शाप की वरदान? आई म्हणते, मी थकेल दिसली तं तुहे बाबा तिकडं जेवत नाही.”

निबंध तिथेच संपला होता. समासात लाल पेनाने लिहिलं होतं, ‘फायदे-तोटे कुठे आहेत?’ आणि दहापैकी तीन.

 मला एकदम वाटलं, हा पेपर आपण मोठ्याने वाचायला नको होता.

कारण मोहोड सरांचा मुलगा जर्मनीला आहे आणि त्याला घरातलं काही माहीत नाही. त्याच्या आईची, आमच्या वहिनींची, किमो सुरू होती, केस पार गेले होते. मुलाची तिकडची नोकरी नवी, तो सगळं सोडून धावत येईल, म्हणून सरांनीच ठरवलं होतं की सांगायचं नाही. रविवारी त्याचा कॉल आला की सर एकटेच फोन घेऊन गॅलरीत बसायचे. आई देवळात गेली, आई झोपली, आई शेजारी गेली. आम्हाला हे सगळं ठाऊक होतं आणि गाडीत या विषयावर बोलायचं नाही हेही ठाऊक होतं.

सरांनी गाडी हळू केली, एका निंबाखाली उभी केली, पाण्याची बाटली तोंडाला लावली. पुन्हा गाडी सुरू करताना एवढंच म्हणाले, “गाईडचं उद्या पाहू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे गाडीत बसलो. तायडे सरांनी मांडीवर गठ्ठ्याऐवजी गाईड घेतलं होतं, शब्दाला जागणारा माणूस. मोहोड सरांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या काचेकडे बघत म्हणाले,

“तायडे, तो कालचा विषय मी घरी विचारला. शाप का वरदान.”

तायडे सरांनी गाईड मिटलं. “काय म्हणल्या वहिनी?”

“थे म्हणे, पोराले आधी माहं डोकं दाखवा, मंग सांगीन.”