क्लबातलं खत आणि काकींच्या मिरच्या

शहरातल्या एका गोल्फ क्लबात मी बरीच वर्षं हाउसकीपिंगचा सुपरवायझर आहे. राहायला परळला, चाळीत. पालिकेने मोठ्या आवारांना ओला कचरा आतच जिरवायला सांगितलं, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मला त्यातलं काही येत होतं असं नाही. मीटिंगमध्ये सेक्रेटरींच्या बरोबर समोर मी बसलो होतो, एवढंच.

सुक्या कचऱ्याचा प्रश्न नव्हता. बाटल्या, खोकी, चेंडू ठेवायच्या तुटलेल्या टी, फाटके हातमोजे आमच्याकडच्या दोन बायका वेगळे करायच्या आणि भंगारवाला घेऊन जायचा. खरा ढीग होता गवताचा. हिरवळ रोज कापतात आणि रोज गाडीभर गवत निघतं. मी अवजारांच्या शेडमागे चार खड्डे खणून घेतले. त्यात किचनमधली सालं, चहाचा चोथा आणि हे गवत टाकायला लावलं. आठवड्यात इतका वास सुटला की जवळून खेळत जाणाऱ्या मेंबरांनी लेखी तक्रार केली. मग हेडमाळी आले. राजापूरकडचे, वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात. खड्ड्यात डोकावून ते म्हणाले की ओल फार आहे, सुका पाला घाला. तेवढं सांगून गेले. पाला घातल्यावर वास गेला.

काही महिन्यांनी खत तयार झालं. काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं. नोटीस बोर्डावर त्याचा फोटो लागला. मी दोन गोणी घरी आणल्या आणि आमच्या मजल्यावर वाटल्या.

सगळ्यात जास्त घेतलं शेजारच्या काकींनी. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते जाऊन खूप वर्षं झाली. गॅलरीच्या कठड्याला काकींचे तेलाचे डबे आणि रंगाच्या बादल्या ओळीने बांधलेल्या असतात. मिरच्या, टोमॅटो, वाल. मिरचीचं बी त्यांच्या गावचं, दर वर्षी राखून ठेवलेलं. प्रत्येक डब्यात त्यांनी मूठमूठ खत घातलं.

पंधरा दिवसांनी त्यांनी मला बोलावून झाडं दाखवली. टोमॅटोचे शेंडे आत वळले होते. मिरचीची पानं अरुंद, पिळल्यासारखी झाली होती. वाल तर उगवतानाच वाकडे. काकींचं म्हणणं होतं की वरच्या मजल्यावरच्या बाई कपडे वाळत घालतात, त्यांचं साबणाचं पाणी डब्यांत गळतं. त्यांनी वर जाऊन तसं सुनावलंही होतं. दोघींचं बोलणं बंद झालं होतं. मी ऐकून घेतलं. पलीकडच्या खोलीतल्यांनी माझं खत घेतलं नव्हतं आणि त्यांची झाडं धड होती, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी टोमॅटोचा एक शेंडा वर्तमानपत्रात गुंडाळून मामांकडे नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

“फवारणीचं गवत गेलंय यात,” ते म्हणाले.

हिरवळीतलं रुंद पानांचं तण मारायला औषध फवारतात. गवताला त्याचं काही होत नाही, पण ते कापलेल्या गवतात राहतं आणि खत झाल्यावरही पुरतं जात नाही, असं त्यांनी समजावलं. टोमॅटो, मिरची, वाल यांना थोडंसंही सोसत नाही. मग मला आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. आवाज थोडा चढला असावा.

“मला वाटलं खत परत हिरवळीवरच जाणार,” मामा म्हणाले. “घरी नेणार, हे तुम्ही कुठे सांगितलंत?”

खतावरच्या एकाही मीटिंगला आम्ही त्यांना बोलावलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी काकींना सगळं सांगितलं. आदल्या दिवशीच शंका आली होती, हेही सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मिरचीचं एक पिळलेलं पान खुडून हातात घेतलं.

“म्हणजे मी तिका उगाच बोललंय,” त्या म्हणाल्या.

तशाच उठून वर निघाल्या. मीही मागोमाग गेलो. वरच्या बाईंनी दार उघडलं, ऐकून घेतलं, चहा ठेवला.

रविवारी आम्ही सगळे डबे रिकामे केले. माती गोण्यांत भरून मी क्लबात नेली आणि मामांनी ती हिरवळीवर पसरून टाकली. काकींकडे पुडीत थोडं बी उरलं होतं. ते त्यांनी नव्या मातीत लावलं.

क्लबात आता फवारणीनंतरच्या गवताचा ढीग वेगळा असतो आणि त्याचं खत आवाराबाहेर जात नाही. बाकीच्या प्रत्येक खड्ड्याचं खत आधी तीन कुंड्यांत घालून त्यात वाल पेरतो. ते सरळ उगवले तरच गोणी भरतो. मामा मीटिंगला येतात. झाला प्रकार मी नोटीस बोर्डासाठी लिहून दिला होता, सेक्रेटरींनी त्यातला चाळीचा भाग गाळला.

काकींनी माझ्याकडून पुन्हा खत घेतलं नाही. मीही विचारलं नाही. वरच्या बाई आणि त्या आता बोलतात, जिन्यात भेटल्या तर थांबतात. पूर्वी दोघी दुपारी गॅलरीत भाजी निवडत बसायच्या, ते मात्र राहिलं नाही.