गंगोत्रीचा कॅन चेन्नईत चेपला

सासूबाईंचा नवस होता: गंगोत्रीचं पाणी, सील न मोडता, रामेश्वरावर घालायचं. त्यांना डोंगर झेपेना, म्हणून मे महिन्यात मी आणि हे निघालो.

चेन्नई सेंट्रलहून दिल्ली दोन रात्री, पुढे हरिद्वार. तिथून पहाटेची बस धरा, उत्तरकाशीला मुक्काम करा. धर्मशाळेत वरण-भात स्वस्त मिळतो. पुढचा घाट अरुंद, मोबाइलला रेंज नाही. गंगोत्रीला दहा हजार फुटांवर बोटं गारठली, तरी मी घाटावर उतरून पाच लिटरचा कॅन भरला. हमाल नको म्हणून पाऊणच. पुजाऱ्यांनी लाखेचं सील केलं. प्यायच्या पाण्याची लिटरची एक बाटली संपली होती, तीही झाकण लावून पिशवीत टाकली.

मैलापूरला घरी पोचलो तर कॅनच्या दोन्ही कुशी आत गेलेल्या. नणंद नुंगंबाक्कमहून आली होती.

"वहिनी, गंगा आणलीत की वाटेत पिऊन आलात?"

"सील बघा ना, वन्सं. शाबूत आहे."

"मग पाणी गेलं कुठे? आई, हे देवाला चालायचं नाही."

दुसऱ्या संध्याकाळची रामेश्वरची गाडी. सासूबाई हळूच म्हणाल्या, "शंका आली की नवस फिटत नाही गं. तिकिटं परत करा."

मी ठरवलं, परत करायची नाहीत. मॅट्रिकला पाठ केलं होतं: दाब वाढला की हवेचं आकारमान घटतं. पिशवीतली रिकामी बाटलीही चेपलेलीच होती! तिच्यात तर नुसती गंगोत्रीची हवा. शेजारच्या अकरावीतल्या मुलीच्या पुस्तकात पाहिलं: तिथला दाब इथल्या सुमारे सत्तर टक्के. म्हणजे तिथली लिटरभर हवा इथे सातशे मिली, इथल्या उकाड्याने फुगून साडेसातशेच्या वर. परातीत काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवून बाटली बुडवली. सांडलेलं पाणी मोजलं: सातशे ऐंशी.

"कॅन गळला असता," मी म्हटलं, "तर बाहेरची हवा आत शिरून तो पुन्हा फुगला असता. चेपलाय, म्हणजेच बंद आहे."

सासूबाईंनी कॅनच्या खळग्यावरून हात फिरवला. "बॅग भरा."

रामेश्वरला तांब्याचा गडू घेऊन जा, प्लास्टिकचं भांडं चालत नाही. गडूत ओतायची वेळ आली तेव्हा सासूबाई बरोबर आलेल्या वन्संना म्हणाल्या, "मालू, तूच उघड."

वन्संनी लाख फोडली, झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली, कुशी टण्‌कन बाहेर आल्या. वन्सं दचकल्या. "अगंबाई, ह्याने श्वास घेतला!"

सासूबाई हसल्या. गडू स्वतः उचलून चालू लागल्या.

तुम्ही गेलात तर कॅन काठोकाठ भरा, वजन सोसा. घरी येऊन आठवडा झाला. हिमालय डोळ्यांसमोर आहेच, पण त्याहून जास्त राहिलंय ते हे, की माझं उत्तर घरात सगळ्यांसमोर तपासलं गेलं आणि बरोबर निघालं.

काल वन्संचा फोन: गरम आमटीचा डबा फ्रीजमध्ये ठेवला, आता झाकण हलत नाही.

"थोडा वेळ बाहेर ठेवा, वन्सं."

निघालं.